गच्चीवरचं इटालियन जेवण: आधी वारा बघा, मग मेन्यू

एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या इटालियन रेस्टॉरंटात पहिल्यांदा गेलो तेव्हा मी कार्बोनारा मागवला होता. प्लेट टेबलावर आली आणि नेमकं त्याच वेळी आकाश गुलाबी झालं. उठलो, कठड्याशी गेलो, फोटो काढले, परत येऊन बसलो. चार-पाच मिनिटं गेली असतील. तेवढ्यात अंडं आणि चीजचा तो रेशमी सॉस थिजून स्पॅगेटीला चिकटला होता. काटा रोवला की अख्खा गोळाच वर यायचा. स्वयंपाक्याचा काही दोष नव्हता. बंद खोलीत हाच पदार्थ बराच वेळ तग धरून राहिला असता. गच्चीवर वारा आपल्याआधी जेवायला बसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढे बऱ्याच गच्च्या झाल्या आणि एक क्रम अंगवळणी पडला. अशा ठिकाणी मेन्यू सगळ्यात शेवटी उघडायचा. आधी उजेडाची वेळ, मग वाऱ्याची दिशा, मग टेबल, आणि या तिघांना मानवेल तेच ताटात. जागा निवडताना मेन्यूवर एक नजर टाकावी लागते, तेवढं सोडलं तर पुढच्या पायऱ्या साधारण त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

जागा निवडताना

रूफटॉप रेस्टॉरंटच्या फोटोंत जेवण कमी आणि आकाश जास्त दिसत असेल, तर सावध व्हा. आकाश चांगलं असण्यात त्यांचं काही कर्तृत्व नाही. त्यांचा मेन्यू शोधा आणि तो किती लांब आहे ते बघा. गच्चीवर जागा अपुरी असते. पुष्कळदा मुख्य स्वयंपाकघर एक-दोन मजले खाली असतं आणि पदार्थ लिफ्टने वर येतात. अशा ठिकाणी ऐंशी पदार्थांची यादी दिसली, तर त्यातलं बरंचसं आधी शिजवून ठेवून नंतर गरम केलेलं असणार. वीस-पंचवीस पदार्थांचा, ऋतूप्रमाणे बदलणारा मेन्यू मला जास्त भरवशाचा वाटतो.

दुसरी परीक्षा ट्रफलची. पांढरी ट्रफल ही शरद ऋतूत, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये मिळणारी अतिशय महाग बुरशी आहे, आणि इटलीतलं आल्बा हे गाव तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. मेन्यूवर बाराही महिने फ्राइजपासून पिझ्झापर्यंत सगळीकडे ट्रफल दिसत असेल, तर ते बहुधा ट्रफल ऑइल. बाजारातल्या बहुतेक ट्रफल ऑइलला तो वास प्रयोगशाळेत बनवलेल्या रसायनामुळे येतो. आवडत असेल तर खुशाल खा, पण खऱ्या ट्रफलचे पैसे मोजू नका.

वेळ ठरवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ‘सूर्यास्त सात वाजता, म्हणजे टेबल सातचं’ असा हिशेब लोक करतात आणि लिफ्टमध्ये असतानाच सूर्य बुडतो.

सूर्यास्ताच्या ४५ मिनिटं ते एक तास आधीचं टेबल घ्या. पहिली वीस मिनिटं स्थिरस्थावर होण्यात, पेय मागवण्यात जातात. मग कोवळा सोनेरी प्रकाश मिळतो. सूर्य गेल्यावर लगेच अंधार पडत नाही. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत आकाशात पुरेसा उजेड राहतो, त्याला नागरी संधिप्रकाश म्हणतात. विषुववृत्ताजवळच्या शहरांत तो २० ते २५ मिनिटं टिकतो, उत्तरेकडच्या शहरांत उन्हाळ्यात ४० मिनिटांच्याही पुढे जातो. शहराचे दिवे लागलेले असतात आणि आकाश अजून निळं असतं, ती वेळ हीच. मला विचाराल तर प्रत्यक्ष सूर्यास्तापेक्षा ही वेळ सरस. फोटोही तेव्हाच चांगले येतात.

आता याला जेवणाची जोड द्या. सूर्यास्तापर्यंत पेय आणि थंड पदार्थ, संधिप्रकाश सरेपर्यंत गप्पा, आणि पूर्ण अंधार पडल्यावर गरम मुख्य पदार्थ. असं केलं की आकाश आणि ताट एकाच वेळी बोलावत नाहीत, आणि माझ्या कार्बोनाराचं झालं तसं तुमच्या जेवणाचं होत नाही.

एक बारीक गोष्ट. सूर्य मावळण्याची जागा वर्षभरात क्षितिजावर बरीच सरकते. इंटरनेटवरचा ‘दोन मनोऱ्यांच्या मधोमध सूर्य’ हा फोटो जूनमधला असेल, तर डिसेंबरात तुम्हाला तो सूर्य एखाद्या बँकेच्या इमारतीमागे गेलेला दिसेल. टेबल कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे विचारताना महिनाही ध्यानात घ्या.

बुकिंगचा फोन

अ‍ॅपवरून बुकिंग करता येत असलं तरी एकदा फोन कराच, कारण कामाची माहिती अ‍ॅपवर नसते. मी न चुकता विचारतो तो पहिला प्रश्न पावसाचा: पाऊस किंवा सोसाट्याचा वारा आला तर आत टेबल नक्की मिळेल का? ‘बघू, करू काहीतरी’ असं उत्तर आलं तर ढगाळ दिवसांत ती जागा सोडून द्या. आत चाळीस खुर्च्या आणि बाहेर दीडशे असा प्रकार असेल, तर पावसात काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरा प्रश्न कठड्याचा. सलग काच आहे की नुसते गज? बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच काच असेल तर तिच्या लगतच्या टेबलाला वारा कमी लागतो. गज असतील तर कडेचं टेबल म्हणजे जहाजाचा डेक.

मग पैशांचं. कडेच्या टेबलाला किमान खर्चाची अट आहे का, ती माणशी की टेबलामागे, कर धरून की सोडून? आगाऊ रक्कम घेतात का, कार्डावर रोखून ठेवतात का, आणि बुकिंग किती तास आधी रद्द केलं तर परत मिळते? टेबल किती वेळासाठी आहे हेही विचारा. दोन तासांत उठायचं असेल तर सूर्यास्ताआधी तासभर येऊन बसण्याचा वरचा सगळा बेत कोलमडतो. मग अर्धा तास आधी या आणि थंड पदार्थ एकच घ्या.

बरोबर व्हीलचेअरवरचं किंवा गुडघे दुखणारं कोणी असेल तर ‘लिफ्ट आहे का’ एवढंच विचारू नका. लिफ्ट असतेच. ती शेवटच्या मजल्यापर्यंत जाते का, की वरचा एक जिना चढावा लागतो, असं विचारा. स्वच्छतागृह गच्चीवर आहे की खाली, तेही. लहान मुलांना संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर प्रवेश नसतो, अशाही जागा आहेत.

अंगावर काय घालायचं

उंचीवर गारठा असतो असं आपण म्हणतो, पण त्याचं कारण उंची नसतं. हवेचं तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. चाळीस मजली इमारत धरली साधारण दीडशे मीटरची, तर फरक पडला जेमतेम एक अंशाचा. गारठा येतो वाऱ्यामुळे. म्हणून जाड स्वेटरपेक्षा वारा अडवणारं पातळ जॅकेट किंवा घट्ट विणीची शाल कामाची. केस लांब असतील तर बांधायला काहीतरी जवळ ठेवा, नाहीतर प्रत्येक घासाबरोबर तोंडात केस. लाकडी फळ्यांची जमीन असेल तर टोकदार टाचा फटीत अडकतात. चप्पल आणि अर्धी चड्डी चालते का हे फोनवरच विचारून घ्या. दारात वाद घालण्यात मजा नाही.

टेबलापाशी पोचल्यावर

बसण्याआधी पाच सेकंद उभे राहा. वारा कुठल्या गालाला लागतोय? स्पीकर कुठे आहे? वेटरची ये-जा ज्या दारातून चालते ते दार किती जवळ आहे? हीटर डोक्यावर आहे का? हीटरखालचं टेबल पहिली दहा मिनिटं स्वर्ग आणि नंतर भट्टी वाटतं. टेबल बदलून मागायची हीच वेळ. पाणी ओतल्यावर कोणालाच हलायचं नसतं.

पश्चिमेकडे तोंड करून एकाला बसवलं की सूर्य बुडेपर्यंत तो डोळे मिचकावत बसतो आणि समोरच्याला सूर्य दिसतच नाही. शक्य असेल तर दोघांना सूर्य बाजूने येईल अशा खुर्च्या घ्या. दिवा अगदी टेबलावरच असेल तर पावसाळ्याच्या आसपास किडे ताटात येतात; तो थोडा लांब ठेवायला सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही. मोबाइल कठड्यावर ठेवू नका. आणि बाहेर पडायचा जिना कुठे आहे ते एकदा नजरेखालून घाला, कारण आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते.

मेन्यू कसा वाचायचा

इटालियन जेवण टप्प्यांत चालतं. आन्तिपास्ती म्हणजे सुरुवातीचे, बरेचसे थंड पदार्थ. प्रीमी म्हणजे पास्ता, रिसोत्तो (मऊ, मलईदार भात), सूप. सेकोन्दी म्हणजे मासे किंवा मांस. सेकोन्दीबरोबर भाजी आपोआप येत नाही, ती कोन्तोर्नी या सदरातून वेगळी मागवायची; लोक इथे फसतात आणि नुसत्या माशाच्या तुकड्याकडे बघत बसतात. शेवटी दोल्ची, म्हणजे गोड. सगळे टप्पे घ्यायलाच हवेत असं इटलीतही कोणी मानत नाही. दोघांत एक आन्तिपास्तो, प्रत्येकी एक प्रीमो, आणि गोड वाटून, हा बेत बहुतेकांना पुरतो.

काही शब्दांची फसगत. इटालियनमध्ये ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळी मिरची, आणि ‘लात्ते’ म्हणजे नुसतं दूध. किमतीच्या पुढे ‘अल्लेत्तो’ असं असेल तर तो दर १०० ग्रॅमचा आहे. अख्खा मासा किंवा बिस्तेक्का आला फिओरेन्तिना असे पदार्थ वजनावर विकतात. ही फ्लॉरेन्सची हाडासकट जाड स्टेक सहज किलोभराची निघते. मागवण्याआधी वजन आणि एकूण किंमत विचारा. यात काही कमीपणा नाही.

वाऱ्यात काय टिकतं, काय नाही

गच्चीवर जे मुळातच थंड खायचं ते सगळ्यात सुरक्षित. बुर्राता हे पुलिया प्रांतातल्या आन्द्रियाचं चीज, आत मलईदार स्त्राचातेल्ला भरलेलं. थंडगार नको, खोलीच्या तापमानालाच खुलतं. काप्रेझे म्हणजे टोमॅटो, मोझ्झारेल्ला आणि तुळशीच्या जातीचं बेसिल. सिसिलीची आंबटगोड वांग्याची कापोनाता तर गार झाल्यावरच चव धरते. मांस खाणाऱ्यांसाठी कार्पाच्चो: कच्च्या गोमांसाचे कागदासारखे काप. व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये तो पहिल्यांदा वाढला गेला, आणि लाल रंगांचा मनसोक्त वापर करणारा चित्रकार वित्तोरे कार्पाच्चो याचं नाव त्याला मिळालं. यांतला कुठलाही पदार्थ सूर्यास्त बघत अर्धा तास पुरवून खाता येतो.

पास्त्यात नाजूक सॉसवाले बाहेर नकोत. कार्बोनारात अंडं, पेकोरीनो चीज, डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस म्हणजे ग्वांचाले, आणि मिरपूड, क्रीम नसतंच. काचो ए पेपेत तर फक्त चीज, मिरपूड आणि पास्ता उकळलेलं पिष्टयुक्त पाणी. या दोन्हींचा सॉस उष्णतेवरच तोलून धरलेला असतो. गार झाला की चीजच्या गुठळ्या होतात. आवडतात म्हणून मागवणारच असाल तर ताट आल्या क्षणी खायला लागा. त्यापेक्षा टोमॅटोचा सॉस गार झाला तरी सॉसच राहतो. रिगातोनीसारखा जाड, पोकळ पास्ता बारीक शेवयांपेक्षा जास्त वेळ ऊब धरतो. लझान्या सगळ्यात दणकट. वारा तिचं काही वाकडं करू शकत नाही.

रिसोत्तो पसरट प्लेटमध्ये पातळ थर करून वाढतात, म्हणजे गार व्हायला पूर्ण मुभा. शिजायला त्याला १८ ते २० मिनिटं लागतात. पाच मिनिटांत आला तर तो अर्धवट शिजवून ठेवलेला होता. मागवलात तर खोलगट ताटलीत मागा आणि कडेकडून खात आत जा.

पिझ्झ्याचं थोडं विस्ताराने सांगतो, कारण तक्रारी त्याच्याच जास्त. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा मध्यभागी जेमतेम पाव सेंटीमीटर जाड असतो आणि लाकडाच्या भट्टीत, ४३० ते ४८५ अंश सेल्सियसच्या आसपास, ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. १९८४ साली नेपल्समध्ये स्थापन झालेल्या पिझ्झा संघटनेने हे नियम लिहून ठेवले, आणि तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. कडेवरचे काळे ठिपके म्हणजे करपणं नव्हे, आणि मधला ओलसरपणा म्हणजे कच्चेपणा नव्हे. पण इतकी पातळ पोळी वाऱ्यात किती वेळ गरम राहणार? मिनिटा-दोन मिनिटांत कड चिवट व्हायला लागते. म्हणून चौघांनी चार पिझ्झे एकदम मागवू नका. दोन मागवा, वाटून खा, संपत आले की पुढचे दोन. वरून कच्ची अरुगुलाची पानं पेरलेला पिझ्झा कडेच्या टेबलावर घेऊ नका. माझी अर्धी पानं शेजारच्या टेबलावर गेली होती आणि त्या लोकांनी फार सभ्यपणे दुर्लक्ष केलं.

शाकाहारी असाल तर

इटालियन मेन्यूवर हिरवं पान छापलेलं असलं तरी प्रश्न संपत नाही. पार्मिज्यानो रेज्यानो हे चीज किमान १२ महिने मुरवलेलं असतं आणि ते वासराच्या जठरातल्या रेनेट नावाच्या पाचकरसाने विरजतात. तो त्याच्या नियमांचाच भाग आहे. ग्राना पादानो चीजलाही वासराचंच रेनेट, आणि पेकोरीनो रोमानोला कोकराचं. पेस्तो या बेसिलच्या सॉसमध्ये परंपरेने यातलंच चीज पडतं, आणि पास्त्यावर किसून घालतात तेही बहुधा हेच. तुम्हाला याचं वावडं नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. असेल तर ‘व्हेज आहे का’ असं न विचारता ‘या चीजमध्ये प्राणिज रेनेट आहे का’ असं विचारा, आणि उत्तर स्वयंपाकघरातून आणायला सांगा. मास्कार्पोने या मलईदार चीजला रेनेट लागत नाही.

न दिसणाऱ्या गोष्टी अजून आहेत. पुत्तानेस्का सॉसमध्ये अँचोव्ही नावाचे छोटे खारवलेले मासे विरघळलेले असतात. रिसोत्तो बऱ्याचदा कोंबडीच्या किंवा मांसाच्या रसात शिजवतात. मिनेस्त्रोने भाज्यांचं सूप असलं तरी त्यात खारवलेलं डुकराचं मांस असू शकतं. पान्ना कोत्ता हे क्रीमचं गोड घट्ट होतं ते प्राणिज जिलेटिनने. तिरामिसूत अंडं असतं, अनेक ठिकाणी कच्चं, आणि मार्साला वाइन किंवा रमही. ताजा पास्ता पुष्कळदा अंड्यात मळलेला असतो. सुका पास्ता बहुधा फक्त गव्हाचा रवा आणि पाणी.

बिनघोर मागवावं असं काय, तर आर्राब्याता, म्हणजे टोमॅटो, लसूण आणि लाल मिरचीचा झणझणीत सॉस. आल्यो ए ओल्यो, म्हणजे लसूण आणि ऑलिव्ह तेल. आणि पिझ्झा मारिनारा, ज्यात चीजच नसतं. तिन्ही मागवताना ‘वरून चीज नको’ एवढं सांगून ठेवा. ग्लुटेनचा त्रास असेल तर मात्र वेगळा विचार करा: पिझ्झा जिथे थापतात त्या स्वयंपाकघरात पीठ हवेतही उडत असतं, त्यामुळे ‘ग्लुटेनमुक्त बेस’ एवढ्यावर सिलिअ‍ॅकच्या रुग्णाने विसंबू नये.

प्यायला

सूर्यास्ताला आपेरोल स्प्रित्झ शोभतं. तीन भाग प्रोसेक्को (बुडबुड्यांची इटालियन वाइन), दोन भाग आपेरोल (नारिंगी, कडसर मद्य), एक भाग सोडा. आपेरोलमध्ये अल्कोहोल ११ टक्केच. नेग्रोनी दिसायला जवळपास त्याच रंगाची असली तरी तिच्यात जिन, काम्पारी हे कडू लाल मद्य आणि लाल व्हर्मूथ ही मसालेदार वाइन समसमान. रिकाम्या पोटी ती घेऊन कठड्याशी जाऊ नका. मद्य नको असेल तर चिनोत्तो किंवा क्रोदीनो ही कडसर, बिनमद्याची पेयं मागून बघा, साखरेच्या मॉकटेलपेक्षा जेवणाबरोबर चांगली लागतात. उकाड्यात रेड वाइन घेणार असाल तर बाटली दहा मिनिटं बर्फात ठेवायला सांगा. पाणी विचारतील तेव्हा ‘नातुराले’ म्हणजे साधं, ‘फ्रिझ्झान्ते’ म्हणजे बुडबुड्यांचं. बाटलीचे पैसे लागतात.

खाताना

स्पॅगेटी कापायची नाही आणि चमच्याचा आधारही घ्यायचा नाही. ताटाच्या कडेला तीन-चारच तार काट्यात धरा आणि फिरवा. माशांच्या पास्त्यावर चीज मागितलं तर जुन्या वळणाचा वेटर भुवई उंचावेल. उरलेला सॉस पावाने पुसून खाणं याला इटालियनमध्ये ‘स्कार्पेत्ता’ असा खास शब्द आहे. अगदी औपचारिक मेजवानी सोडली तर बिनधास्त करा. नॅपकिन मांडीवर ठेवा आणि त्याचं टोक कमरेच्या पट्ट्यात खोचा, नाहीतर वाऱ्याने उडतो. दोन नॅपकिन मी शहराला दान केले आहेत.

बिल आणि उतरणं

बिलात ‘कोपेर्तो’ दिसलं तर ती टेबल आणि पाव यांची माणशी आकारणी. इटलीत नेहमीची आहे, बाहेरही काही ठिकाणी लावतात. ‘सेर्वित्सियो’ किंवा सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर वर पुन्हा तेवढीच टिप द्यायची गरज नाही. किमान खर्चाची अट होती तर ती पूर्ण झाली का हे बिल मागण्याआधीच विचारा. कमी पडत असेल तर उरलेल्या रकमेची कॉफी आणि गोड घेता येतं. बिल छापून आल्यावर ती रक्कम नुसती ‘फरक’ म्हणून भरावी लागते.

जेवणानंतर इटालियन माणूस कापुच्चिनो घेत नाही, एस्प्रेसो घेतो. गच्चीवर त्याला आणखी एक कारण आहे: एस्प्रेसो दोन घोटांत संपते, वाऱ्याला वेळच मिळत नाही. ती लिफ्टच्या गर्दीचा अंदाज घेऊन मागवा. संगीत थांबलं की सगळी गच्ची एकदम उठते आणि बहुतेक ठिकाणी खाली जायला एक-दोनच लिफ्ट असतात. शेवटच्या गाण्याच्या पंधरा मिनिटं आधी तरी बिल हातात असू द्या.